खाण तशी माती?

शिष्यवृत्ती परीक्षेत ‘बुद्धिमत्ता चाचणी’ हा विषय असतो. पूर्वी ही परीक्षा चौथी-सातवीला असायची, नंतर ती पाचवी-आठवीला झाली. बीड जिल्ह्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत मी हा विषय बरीच वर्षं शिकवला. गटात न बसणारं पद, आकृत्यांची मालिका, आरशातली प्रतिमा, सांकेतिक भाषा, नातेसंबंध, दिनदर्शिका. जूनमध्ये पंचवीसपैकी सात-आठ प्रश्न सोडवणारं पोर जादा तासांना नेमाने बसलं, की जानेवारीपर्यंत विसाच्या पुढे जायचं. हे मी एकट्यानेच पाहिलंय असं नाही, शिष्यवृत्तीचा वर्ग घेतलेल्या कुठल्याही शिक्षकाला विचारा. या विषयाच्या मार्गदर्शिका निघतात, सराव संच निघतात, क्लास चालतात. ज्यांना परवडतं ते पालक फी भरतात, आणि त्यांचं काही चुकत नाही, कारण सरावाने गुण वाढतात.

एका वर्षी सरावाच्या पेपरात मी चार शब्द दिले होते: विळा, कोयता, खुरपं, सुरी. गटात न बसणारा शब्द ओळखा. उत्तर ‘सुरी’, कारण बाकीची तिन्ही शेतातली अवजारं. एका मुलीने ‘कोयता’वर खूण केली होती. मी विचारलं, “का गं?” ती म्हणाली, “गुरुजी, कोयता म्हंजी दोघं असत्यात. माय आन् बाप.”

ऊसतोडीत नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम उचल देतो ती कोयत्यावर, टोळी मोजली जाते ती कोयत्यांवर. त्या मुलीने बरोबर वर्गीकरण केलं होतं. तिच्या जगात तीन शब्द वस्तूंचे होते आणि एक माणसांचा. मी त्या प्रश्नाला शून्य गुण दिले, कारण उत्तरसूचीत ‘सुरी’ होतं. दिवाळी झाली आणि ती मायबापांबरोबर कारखान्यावर गेली. परीक्षा फेब्रुवारीत होती.

त्या काळात शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य कायम ऐकू यायचं: “त्यांच्याकडून काय होणार, खाण तशी माती.” कुणाच्या तोंडी ‘शुद्ध बीजापोटी’ असायचं. तुकोबांनी तो अभंग निर्मळ मनाबद्दल आणि अमृतासारख्या वाणीबद्दल रचला, पण आपण त्याचा वापर कुळाची फुशारकी मारायला करून टाकला, याचं मला फार वाईट वाटतं. हल्ली हेच म्हणणं नव्या कपड्यांत येतं. चांगली शिकलेली माणसं सांगतात की बुद्ध्यंक सत्तर-ऐंशी टक्के आनुवंशिक असतो, हे विज्ञानाने सिद्ध झालंय, तेव्हा कोण वर आणि कोण खाली यात समाजाचा दोष काढण्यात अर्थ नाही. आरक्षणाने, शिष्यवृत्त्यांनी, अंगणवाड्यांनी जनुकं बदलत नाहीत. या म्हणण्याला उत्तर द्यायचं तर आधी त्यातलं खरं काय ते मान्य करायला हवं.

खरं आहे ते असं. माणसामाणसांच्या बुद्धीत फरक असतो आणि त्यात जन्मजात वाटा असतो. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात टॉमस बुशार्ड यांनी १९७९ पासून जन्मतः वेगळ्या झालेल्या, वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांचा शोध घेतला. १९९० साली त्यांनी मांडलेल्या हिशेबात बुद्ध्यंकातल्या फरकाचा साधारण सत्तर टक्के भाग आनुवंशिक निघाला. दुसऱ्या अभ्यासांत हा आकडा कमी येतो, पण शून्य कुठेच येत नाही. एकाच घरातली दोन भावंडं एकाच चुलीवरचं खाऊन किती वेगळी निघतात हे ज्याने पाहिलंय त्याला यात धक्का बसायचं कारण नाही. समतेच्या बाजूच्या काही मंडळींना जनुक हा शब्दच नको असतो. मला ते पटत नाही. आपली बाजू न्यायाची असेल तर तिला वस्तुस्थितीची भीती कशाला?

पण सत्तर टक्के कशाचे, हे विचारायला हवं. तुझ्या बुद्धीतला सत्तर टक्के भाग आईबापांकडून आणि तीस टक्के शाळेतून आला, असा त्याचा अर्थ मुळीच होत नाही. त्या ठरावीक लोकांत, त्या ठरावीक परिस्थितीत, एकमेकांत जो फरक दिसला त्यातला किती भाग जनुकांच्या फरकाशी जुळतो, एवढंच तो आकडा सांगतो. परिस्थिती बदलली की आकडाही बदलतो. शिवाय मिनेसोटातली बहुतेक जुळी पोटभर जेवणाऱ्या आणि शाळेत पाठवणाऱ्या घरांत वाढली होती. त्या अभ्यासात पाटोद्याचा उसाचा फड नव्हता.

अमेरिकी जनुकशास्त्रज्ञ रिचर्ड लेवोंटिन यांनी १९७० साली मक्याच्या बियांचा दाखला देऊन हे समजावलं होतं. आपल्याकडे ज्वारी घेऊ. देशी ज्वारीचं मिसळ बियाणं घ्या, एक मूठ काळ्या कसदार रानात पेरा, दुसरी मूठ मुरमाड माळावर. काळ्या रानात सगळ्या ताटांना माती-पाणी सारखंच, तेव्हा ताटाताटांतला फरक बियाण्याचा. माळावरही तसंच. म्हणजे दोन्हीकडे आनुवंशिकता शंभर टक्के! आता दोन्ही रानांची सरासरी काढा. काळ्या रानातली ज्वारी डोक्याच्या वर गेलेली असेल आणि माळावरची कमरेपाशी थांबलेली असेल. हा फरक सगळाच्या सगळा मातीचा. एका रानातल्या फरकाचं कारण दुसऱ्या रानाशी तुलना करताना वापरता येत नाही, ही गोष्ट शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. बुद्ध्यंकाच्या वादात शंभर वर्षं नेमकी हीच चूक होत आली आहे.

उंचीचंही असंच आहे. खाऊनपिऊन सुखी असलेल्या देशांत उंचीतल्या फरकाचा सुमारे ऐंशी टक्के वाटा जनुकांचा असतो, बुद्ध्यंकापेक्षाही जास्त. आणि तरी एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला युरोपात बुटक्यांत गणले जाणारे डच लोक आज जगात सर्वांत उंच आहेत. दीडशे वर्षांत त्यांची जनुकं बदलायला वेळच नव्हता, बदललं ते दूध, पाणी, औषधपाणी आणि बाळंतपण. फिनाइलकीटोन्यूरिया नावाचा एक आजार तर पूर्णपणे जनुकांतून येतो आणि उपचार न केल्यास मुलाची बुद्धी कायमची खुंटते. जन्मल्याबरोबर रक्त तपासून आहार बदलला तर तेच मूल इतरांसारखं शाळेत जातं. आनुवंशिक आहे म्हणजे बदलता येणार नाही, असं मानणाऱ्याने या एका आजाराचा तरी विचार करावा.

आपल्या देशात या वादाला आणखी एक पदर आहे आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा. पुस्तकांत अनुवंश एका बाजूला आणि परिस्थिती दुसऱ्या बाजूला असते. आपल्याकडे परिस्थितीच वारशाने मिळते. मराठीत वारसा हा शब्द आपण नाकाडोळ्यांनाही वापरतो आणि सातबाऱ्यालाही, ते उगीच नाही. जमीन वारशाने, आडनाव वारशाने, वस्तीतली जागा वारशाने, घरातली भाषा वारशाने, ओळखीपाळखी वारशाने. कर्जसुद्धा वारशाने: उचल फिटली नाही तर पुढच्या हंगामाला त्याच मुकादमाकडे जायचं, आणि बाप थकला की पोराने कोयता धरायचा. अशा समाजात आईबाप आणि मुलं सारखी दिसणारच. त्यातलं रक्ताचं किती आणि रीतीचं किती हे वरवर पाहून कुणालाही सांगता येणार नाही.

निरक्षरतेचंच बघा. १९६१ च्या जनगणनेत देशातल्या अनुसूचित जातींत साक्षरता जेमतेम दहा टक्के होती. त्यांना वाचता न येणं पिढ्यान्‌पिढ्या बापाकडून मुलाकडे जात होतं, एखादं जनुक जावं तितक्या बिनचूकपणे. त्या काळी कुणी हिशेब केला असता तर निरक्षरता जवळजवळ पूर्ण आनुवंशिक निघाली असती. २०११ च्या जनगणनेत तोच आकडा ६६ टक्के झाला. पन्नास वर्षं म्हणजे दोन पिढ्या. आणि ज्याला दोन पिढ्यांचीही वाट बघायची नाही त्याने ‘ज्ञानोदय’ नियतकालिकाचा १८५५ सालचा अंक काढावा. त्यात मुक्ता नावाच्या मांग समाजातल्या मुलीचा निबंध छापला आहे. फुल्यांच्या शाळेत ती तीन वर्षं शिकली होती. तिच्या आधीच्या कुठल्याच पिढीला अक्षर शिवू दिलं गेलं नव्हतं. पुढे जोतीरावांनी ‘विद्येविना मति गेली’ असं लिहिलं, तेव्हा त्यांनी आधी विद्या ठेवली आणि मग मती. मती मुळात नव्हती म्हणून विद्या दिली नाही, हा उच्चवर्णीयांचा क्रम त्यांनी उलटा केला. ती ओळ आपण इतकी पाठ केली आहे की तिच्यातला हा दावा आपल्या कानावरून निसटून जातो.

बुद्धी मोजण्याची रीत ज्यांनी सुरू केली त्यांचा हेतू चांगला होता. पॅरिसमध्ये १९०५ साली आल्फ्रे बिने आणि तेओदोर सिमों यांनी पहिली चाचणी केली ती कुठल्या मुलांना शाळेत जास्तीची मदत लागेल हे ओळखण्यासाठी. बुद्धी म्हणजे ठरून गेलेली, न वाढणारी गोष्ट असं मानणाऱ्यांवर बिनेंनी स्वतः कडक टीका केली होती. मागे पडलेल्या मुलाचं मन म्हणजे शेत, मशागत बदलली की पीक येतं, असा दाखला त्यांनी दिला होता. १९११ मध्ये ते वारले आणि त्यांची चाचणी अमेरिकेत गेली.

तिथे तिचं काय झालं हे नीट सांगायला हवं. पहिल्या महायुद्धात सुमारे सतरा लाख सैनिकांची बुद्धिमत्ता चाचणी झाली. प्रश्न होते एका बेसबॉलपटूचा धंदा कोणता, एका कंपनीच्या स्वयंपाकाच्या तुपाचं नाव कशाचं. निरक्षरांसाठी चित्रं होती, त्यांत टेनिसच्या मैदानावर जाळी काढायची होती, ग्रामोफोनला कर्णा. सिसिली नाहीतर पोलंडमधून नुकत्याच उतरलेल्या मजुराने टेनिसचं मैदान कधी पाहिलं असेल? कार्ल ब्रिगम या मानसशास्त्रज्ञाने १९२३ साली या आकड्यांवरून पुस्तक लिहून दक्षिण आणि पूर्व युरोपातले लोक बुद्धीने हलके असल्याचं ठरवलं. ज्यू लोक हुशार असतात हा लोकांचा समज या आकड्यांनी खोटा पाडला, असंही त्याने लिहिलं. पुढच्याच वर्षी अमेरिकेने त्या भागांतून येणाऱ्यांवर कडक मर्यादा घालणारा कायदा केला. आज वंश आणि बुद्धी यांची सांगड घालणारे लोक ज्यूंची गणना सर्वांत हुशार गटांत करतात. जनुकं तीच, शंभर वर्षांत गट तळातून शिखरावर! त्याच लष्करी आकड्यांत इलिनॉय, ओहायो आणि न्यूयॉर्कचे काळे सैनिक दक्षिणेतल्या काही राज्यांच्या गोऱ्या सैनिकांपेक्षा वरचढ निघाले होते, कारण उत्तरेतल्या शाळा बऱ्या होत्या. १९३० साली ब्रिगमने आपले निष्कर्ष निराधार असल्याचं स्वतः लिहून मान्य केलं. माझ्या मनात त्याच्याबद्दल यासाठी आदर आहे. पण कायदा होऊन गेला होता.

आणि कॅरी बक. व्हर्जिनियातली गरीब मुलगी, बलात्कारातून दिवस गेलेली, ‘मंदबुद्धी’ ठरवून संस्थेत डांबलेली. तिची सक्तीने नसबंदी करायची की नाही, हा खटला १९२७ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात गेला. आई मंद, मुलगी मंद, नात मंद, तीन पिढ्या पुरे झाल्या, अशा अर्थाचं वाक्य न्यायमूर्ती होम्स यांनी निकालात लिहिलं आणि नसबंदी झाली. ती तिसरी पिढी म्हणजे व्हिव्हियन नावाची, तेव्हा पाळण्यातून नुकतीच बाहेर आलेली मुलगी. पुढे ती शाळेत गेली आणि एका सत्रात गुणवंतांच्या यादीत तिचं नाव लागलं. आठव्या वर्षी ती आजारपणात गेली. अमेरिकेत अशा साठ हजारांवर नसबंद्या झाल्या.

याच १९२७ साली बर्लिनमध्ये मानववंशशास्त्र, आनुवंशिकता आणि सुप्रजननशास्त्र (‘चांगल्या बीजाची’ माणसं निपजावीत म्हणून मांडलेलं शास्त्र) यांची कैसर विल्हेल्म संस्था उघडली. संचालक होते ऑयगेन फिशर. त्यांच्या हाताखाली संशोधन करायला पुण्याहून इरावती कर्वे गेल्या. फिशर यांचा समज असा की गोऱ्या युरोपियनांच्या कवटीच्या दोन बाजूंत जो असमतोल असतो तो त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी जवळजवळ दीडशे कवट्या मोजल्या, त्यांत जर्मन वसाहतींतून आणलेल्या आफ्रिकी माणसांच्याही होत्या. असमतोलाचा वंशाशी काही संबंध निघाला नाही आणि त्यांनी तसंच लिहिलं. विशीतली परदेशी बाई, आणि पदवी ज्यांच्या हातात त्यांच्याच सिद्धान्ताविरुद्ध निष्कर्ष! काही वर्षांतच ती संस्था नाझींच्या वंशधोरणाला शास्त्राचा आधार पुरवू लागली. महाराष्ट्रात परतल्यावरही इरावतीबाई मोजमापं घेत राहिल्या, आणि एकाच जातीच्या नावाखाली मोडणाऱ्या पोटजाती शरीराने एकमेकींपासून किती वेगळ्या असू शकतात हे त्यांनी दाखवून दिलं.

आपल्याकडे सगळेच त्यांच्यासारखे नव्हते. त्याच १९२७ साली ना. सी. फडक्यांनी सुप्रजननाच्या चळवळीची बाजू मांडणारं इंग्रजी पुस्तक लिहिलं. जातिव्यवस्था म्हणजे आपल्या पूर्वजांनी केलेली बीजशुद्धीची योजना, असं म्हणणारे विद्वानही कमी नव्हते. त्यांना १९३६ साली बाबासाहेबांनी लाहोरसाठी लिहिलेल्या, पण करू न दिलेल्या भाषणात उत्तर दिलं. बेटीबंदी एक वेळ रक्तासाठी म्हणाल, मग रोटीबंदी कशासाठी? जेवणाने रक्तात काय मिसळतं? आणि हजारो वर्षं बीज राखूनही या देशातली बहुसंख्य माणसं सैन्यात घेण्याजोगी का नाहीत? नव्वद वर्षं झाली, या प्रश्नांना मी कुठे उत्तर वाचलेलं नाही.

नंतरचा बराच पुरावा आहे, त्यातला मला सर्वांत बोलका वाटतो तो तमिळनाडूतला. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५४ गावांतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना आकृत्यांचे कोडी-प्रश्न घातले, आमच्या शिष्यवृत्तीच्या पेपरात असतात तसलेच. एकदा ऊस तुटण्याआधी, जेव्हा हातात पैसा नसतो, दागिना गहाण पडलेला असतो. आणि पुन्हा ऊस जाऊन पैसे आल्यावर. माणूस तोच, जनुकं तीच, शाळा तितकीच. पैसे आल्यानंतर त्याच माणसाला जास्त प्रश्न सुटले. हा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला. चणचण माणसाचं अर्धं डोकं सतत अडकवून ठेवते, असा त्यांचा निष्कर्ष होता. आता त्या उसाच्या मालकाऐवजी ऊस तोडणाऱ्याचा विचार करा. त्याचा सुगीनंतरचा महिना कधीच येत नाही.

दुसरा पुरावा उत्तर प्रदेशातल्या खेड्यांतला. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे यांनी सहावी-सातवीच्या ६४२ मुलांना कागदावरचे भूलभुलैये सोडवायला दिले, निम्मी मुलं उच्च जातींची, निम्मी दलित. जातीचा उच्चार न करता बसवलं तेव्हा दोघांची कामगिरी सारखी होती. मग काही गटांत सुरुवातीला प्रत्येक मुलाचं नाव, बापाचं नाव, आज्याचं नाव, गाव आणि जात मोठ्याने वाचून दाखवली. एवढंच केलं, आणि दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. हजेरीपटावरून जातीचे रकाने भरून घेताना मी स्वतः वर्गात मोठ्याने जाती विचारल्या आहेत. तेव्हा समोर मान खाली घालून उभी राहणारी पोरं मला आजही आठवतात. मी ते करायला नको होतं.

फ्रान्समध्ये सुखवस्तू घरांत दत्तक गेलेल्या मुलांचा बुद्ध्यंक गरीब घरांत दत्तक गेलेल्यांपेक्षा सरासरी बारा गुणांनी जास्त निघाला. मुलं मोजकीच होती, अडतीस, आणि जन्मदात्यांच्या वर्गाचाही परिणाम त्यात दिसलाच, हेही सांगितलं पाहिजे. न्यूझीलंडच्या जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात दाखवून दिलं की चौदा देशांत बुद्ध्यंक पिढीगणिक वाढत आला आहे, अमेरिकेत दर दहा वर्षांना साधारण तीन गुणांनी. आयोडीनच्या कमतरतेने मुलांचे दहाहून अधिक गुण जातात. हिमाचल प्रदेशातल्या कांग्रा खोऱ्यात डॉ. रामलिंगस्वामींनी १९५० च्या दशकात मिठाचा जो प्रयोग सुरू केला, त्यातून आज आपल्या घरातलं मीठ आयोडीनयुक्त झालं आहे. बुद्धी वाढवणारी एवढी स्वस्त योजना दुसरी नसेल.

आणि जनुकांचा नवा शोध काय म्हणतो? २०२२ साली तीस लाख लोकांच्या जनुकांची तपासणी प्रसिद्ध झाली. शिक्षणाशी जोडलेले हजारो सूक्ष्म फरक सापडले, एकेकाचा परिणाम नगण्य. सगळे मिळून शिक्षणातल्या फरकाचा बारा ते सोळा टक्के भाग सांगतात, आणि सख्ख्या भावंडांत तुलना केली की परिणाम निम्म्याच्या आसपास येतो, कारण बाकीच्यात घराची परिस्थितीच जनुकांचं नाव घेऊन बसलेली असते. हे गणित युरोपीय वंशाच्या लोकांवरून मांडलेलं आहे, दुसरीकडे ते नीट लागू पडत नाही. आपल्या जाती शतकानुशतकं आपसात लग्नं करत आल्या, त्याच्या खुणा जनुकांत आहेत, काही आजार काही जातींत जास्त आढळतात, हे खरं. त्यावरून एखादी जात बुद्धीने वर आणि दुसरी खाली, असं दाखवणारा पुरावा कुणाकडेही नाही. ज्यांना तसं म्हणायचं आहे त्यांनी आधी सगळ्या रानांना सारखं पाणी द्यावं आणि मग मोजावं.

हे लांबचं बोलणं वाटेल, पण एरिक टर्कहायमर यांच्या अभ्यासात याची एक झलक दिसली आहे. २००३ साली त्यांनी अमेरिकेतल्या सात वर्षांच्या जुळ्यांचे आकडे घरच्या परिस्थितीप्रमाणे वेगळे केले. सुखवस्तू घरांत बुद्ध्यंकातला फरक मुख्यतः जनुकांचा निघाला. अगदी गरीब घरांत जनुकांचा वाटा जवळजवळ शून्य होता, फरकाचा सुमारे साठ टक्के भाग घराचा. पुढच्या अभ्यासांत ही तफावत अमेरिकेत दिसत राहिली, पश्चिम युरोपात फारशी दिसली नाही, जिथे दवाखाना आणि शाळा बऱ्यापैकी सगळ्यांपर्यंत पोचते. याचा अर्थ मी असा लावतो: जनुकांनी दिलेलं वापरायला मिळणं हीच मुळात एक सोय आहे आणि ती गरिबाला मिळत नाही. महाराष्ट्रातल्या मुलांच्या बुद्धीतला फरक खरोखर मुख्यतः अनुवंशाचा आहे असं एखाद्या दिवशी निघालं, तर मला आनंद होईल. त्या दिवशी कुपोषण, स्थलांतर, जात आणि पडकी शाळा यांनी केलेला फरक मिटलेला असेल. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची ३५ टक्के मुलं वयाच्या मानाने खुजी निघाली. मेंदूची सर्वांत जास्त वाढ त्याच वयात होते.

गुणवत्तेचा प्रश्न इथे निघतोच. आरक्षणाने गुणवत्ता घसरते असं ठामपणे सांगितलं जातं, म्हणून अश्विनी देशपांडे आणि टॉमस वाइसकॉफ यांनी रेल्वेच्या अनेक वर्षांच्या आकड्यांवर ते तपासून पाहिलं. आरक्षणातून आलेल्या कर्मचाऱ्यांचं प्रमाण वाढल्याने कार्यक्षमता घटली, असं कुठेच आढळलं नाही. उलट बाजूचं सांगायचं तर सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांनी खासगी कंपन्यांच्या जाहिरातींना सारख्याच शिक्षणाचे अर्ज फक्त आडनावं बदलून पाठवले. दलित आडनावांना बोलावणी कमी आली, मुस्लिम नावांना त्याहून कमी. २००७ मध्ये हे छापून आलं. बुद्धीचा, जनुकांचा, शाळेचा प्रश्न सुटल्यावरही हा दरवाजा उरतो, आणि तो उमेदवाराच्या डोक्यावर अवलंबून नाही.

शिवाय सगळा पुरावा उद्या उलटा फिरला आणि बुद्धी पूर्णपणे उपजत निघाली, असं धरून चालू. मग ज्याच्या वाट्याला कमी बुद्धी आली त्याने ती निवडली होती का? त्याच्या पोराला अंडं, दूध, दवाखाना आणि प्रेमाने शिकवणारा शिक्षक कमी का मिळावा? जन्मजात अधू डोळ्यांच्या मुलाला आपण चष्मा देतो, अनुवंशाचा दाखला मागत नाही.

हंगामी वसतिगृह नावाची एक योजना आपल्याकडे आहे. मायबाप उसाला गेले तरी मुलं गावात राहावीत, दोन वेळ जेवावीत, शाळा सुटू नये, एवढाच तिचा अर्थ. जिथे ती वेळेवर सुरू होते तिथे काय फरक पडतो हे मी पाहिलं आहे. त्या वर्षी आमच्या गावात ती दिवाळीनंतर दोन महिन्यांनी सुरू झाली, तोवर टोळ्या गेल्या होत्या.

ती मुलगी पाडव्यानंतर परत आली. बुद्धिमत्तेची वही तिने सोबत नेली होती, आकृत्यांच्या मालिका होत्या तिथेच थांबलेल्या. वही उलटी करून मागच्या पानांवर तिने हिशेब लिहिला होता. रोजच्या मोळ्या, गाडीचं वजन, टनाचा दर, खाड्याचे दिवस, उचलीतले किती फिटले आणि मुकादमाच्या वहीत किती लिहिले. दोन्ही आकडे शेजारी शेजारी मांडून जिथे जुळत नव्हते तिथे तिने पेनाने गोल केला होता.